कार्तिकातला वारा

प्रिय दादा,

तुला जाऊन तीन महिने झाले. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं मला पोरकटपणाचं वाटतं, आणि आजही वाटतं आहे. पण येत्या रविवारी माझ्या मुलींच्या वसतिगृहाच्या समितीची सभा आहे. तिथं तुझ्या पवनचक्कीचा निकाल लागेल, आणि त्याआधी मला तुला एक प्रश्न विचारायचा आहे. सरळ उत्तर तू जिवंतपणीही दिलं नसतंस, तेव्हा फार काही बिघडत नाही.

समितीचे चिटणीस म्हणजे आपले सेलूचे भाऊसाहेब. बोरगावला वसतिगृहाच्या विहिरीवरची तुझी चक्की उतरवून तिथं तेलाचं इंजिन बसवायचं त्यांनी मनावर घेतलं आहे. त्यांच्या कापसाच्या जिनात इंजिन आहे, म्हणून ते जगात सगळीकडे असायला हवं. त्याचा धूर मुलींच्या खोल्यांत जाईल, असं मी म्हणाले. त्यावर ते अगदी गोड हसले. "बाई, गेल्या कार्तिकात या चक्कीनं टाकी भरत होती एवढं दाखवा. मी इंजिनाचं नाव काढणार नाही."

एवढंच ना? तुझी वही माझ्याकडेच होती.

तीस वर्षं चांद्याकडच्या कोळशाच्या खाणीत काढून तू माझ्याकडे राहायला आलास. खोकलास की रुमाल काळा व्हायचा. मी रुमाल उकळायचे आणि बोलायचे. तू ऐकायचास आणि यंत्रांचे नकाशे काढायचास. जमिनीच्या पोटातलं एक दिवस संपणार, वरचं संपत नाही, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की एखाद्या मुलीनं निबंधात लिहिलं असतं तर मी ते खोडलं असतं.

आधी सूर्यचूल केलीस. लाकडी पेटी, आत काळा पत्रा, वर काच, आरसे. तुझी डाळ दुपारी दीडला शिजली आणि तू गावभर सांगत सुटलास. मुली नऊला जेवून शाळेत जातात. इथल्या बाया अंधारात भाकऱ्या थापून उजाडताच कापूस वेचायला जातात. तुझा सूर्य कामाला लागतो तोवर सगळ्यांची भांडीही घासून होतात. साठ वर्षं ताटावर बसलास, ताट वाढलं कसं जातं हे एकदाही पाहिलं नाहीस! आपल्या स्वयंपाकघरातली गयाबाई आता त्या पेटीत मिरच्या वाळवते. त्या मात्र उत्तम वाळतात. आणि ती अजून कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या धुरात डोळे चोळत स्वयंपाक करते, हेही लिहून ठेवते.

मग अणू आला. मुंबईकडे अणुभट्टी सुरू झाल्याची बातमी तू मला दोनदा वाचून दाखवलीस. मूठभर धातू, आणि शहरंच्या शहरं उजळणार. मी एवढंच विचारलं होतं, की कोळशाच्या राखेनं भांडी तरी घासता येतात, या भट्टीची राख कुठं टाकायची? तू पेपर घडी करून ठेवलास. दुसऱ्या दिवशी म्हणालास, "राखेचा विचार करणारी माणसं नेमली असतील." खाणीत तुझ्या छातीचा विचार करणारी माणसं नेमली होती का रे?

वाऱ्यावर मात्र माझं काही चाललं नाही. चैत्र ते श्रावण चाक गरगर फिरायचं, टाकी वाहायची, आणि मी वाद हरायचे. हे मी तुला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

आता वहीकडे येते. रोज सकाळी तू, मुलींचा काकाजी, वेळूची काठी टाकीत बुडवून पाणी मोजायचास. गेल्या दोन्ही कार्तिकांची पानं मी पाहिली. 'वारा नाही. टाकी भरलेली.' असं ओळीनं पंधरा पंधरा दिवस. आणि खाली तुझ्या अक्षरात: 'पहाटे वरच्या थरात वारा वाहत असावा.'

मला आनंद झाला. भाऊसाहेबांचा चेहरा कसा होईल, हेही मी पाहून घेतलं. फक्त एक अडचण होती. यंदाच्या कार्तिकात टाकी कोरडी पडली. चाक बिघडलं असेल म्हणून मी वर्ध्याहून मिस्त्री बोलावला. त्यानं सगळं तपासलं आणि तो म्हणाला, चाक ठीक आहे, वारा नाही.

मी गयाबाईला विचारलं, गेल्या वर्षी वारा होता का?

ती पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "कार्तिकात कायचा वारा, बाई? पोरी वढत होत्या पाणी."

कोणत्या पोरी, आणि का?

"मोठ्या पोरी. पहाटे उठून दोरानं वढत अन् टाकीत वतत. टाकी रिकामी दिसली का काकाजीचं तोंड एवढंसं होऊन जाये. पोरीईले पाहवे नाई. आता कोनासाठी वततीन?"

त्यांत शेवंता पुढं असायची म्हणे. तिच्या आजीला गावच्या विहिरीवर कधी चढू दिलं नव्हतं. गयाबाईनं तिला एकदा हटकलं, तर ती म्हणाली, "दोर हाती आला हाये मावशी, सोडू कायले?"

मिशनच्या शाळेत सिस्टरांनी मला शिकवलेलं फारसं टिकलं नाही, पण नक्कल पकडायला मी तिथंच शिकले. चाळीस वर्षं पोरींच्या वह्यांतल्या नकला पकडल्या, आणि माझ्याच मुलींनी माझ्या नाकाखाली एक अख्खा कार्तिक नकलून काढला. एक नव्हे, दोन.

म्हणून प्रश्न. तुला माहीत होतं का? कंदिलाच्या ज्योतीवरून खाणीतली हवा ओळखणारा माणूस तू. विहिरीच्या काठावरचा दोराचा ओला वळ तुला दिसला नाही? की वरच्या थरातला वारा तुला हवाच होता?

तुझी वही नुसती समितीत ठेवली तर मी जिंकते. भाऊसाहेबांना वारा कळत नाही, अक्षर कळतं. काल दिवसभर मी ती पिशवीत घालून बाहेर काढत होते.

तर ऐक. रविवारी मी वही नेईन, आणि मुलींचं पाणीही सांगेन. वाऱ्याच्या महिन्यांत चक्की, बिनवाऱ्याच्या महिन्यांत इंजिन, तेही खिडक्यांपासून दूर, असं मागेन. भाऊसाहेब बहुधा ऐकणार नाहीत. खोटं पकडलं गेलं की लोक खऱ्याचाही भाव पाडतात. त्यांनी चाक उतरवलंच तर ते बैलगाडीत घालून मी माझ्या परसात आणीन आणि माझ्या विहिरीवर उभं करीन. शेजारी हसतील. त्यांना उत्तर द्यायला मी आहे.

वही मी पुढं चालवते आहे. आजची ओळ लिहून झाली: 'वारा नाही. टाकी अर्धी. पाणी शेवंतानं आणि मी ओढलं.'

हात सोलले आहेत, म्हणून अक्षर असं.

तुझी,
इंदू