नव्या हेराचा कोट

३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुमच्या हेराच्या सिनेमातल्या नव्या नायकाचा फोटो पेपरात पाहिला. अकरा वर्षं त्या गुप्तहेराचा चेहरा जुन्या नायकाचा आणि उड्या मारणारी पाठ तुझी. चेहरा बदलला म्हटल्यावर मला वाटलं, सुटला माझा भाऊ! तर तुझं कार्ड आलं, नव्यासाठीही पुलावरून तूच उडी मारणार.

खांद्याचं काय? हात वर जात नाही, हे तू फाइट मास्टरांपासून लपवलंस, असं वहिनीनं लिहिलंय. हे मला पटत नाही. तू सांगणार नसशील तर मी दिग्दर्शकांना लिहीन. तू उड्या मारल्यास म्हणून मी शिकले. त्या शिक्षणाचा एवढा तरी उपयोग होऊ दे. आईला खांद्याचं ठाऊक नाही, तरी उडीचं कळल्यापासून तिला रात्री झोप नाही, शिलाई वाकडी जातेय.

उत्तर लवकर लिही, रागावलास तरी.

तुझी धाकटी

१९ फेब्रुवारी

चि. पदवीधरबाईंस,
अ. आ.

दिग्दर्शकांना लिहू नकोस, काम टेलरमास्तरांनी केलं. हेराचे कोट नेहमी दोन शिवतात, एक नायकाला, एक मला. मास्तरांनी सवयीनं जुनीच मापं काढली. परवा नव्या नायकानं कोट घातला, तर बाह्या मनगटाच्या वीतभर वर! आम्हांला शेजारी उभं केलं. मी त्याच्या खांद्यापर्यंतच येतो. फाइट मास्टर म्हणाले, हा पाठमोरा दिसला तर लोकांना वाटेल, हेर धुऊन आटला!

मग म्हणाले, हात वर कर, बघू किती कमी पडतोस. उजवा हात कानापाशीच अडला. शेवटी खरं सांगितलं आणि पोटभर शिव्या खाल्ल्या. उडी आता दुसरा उंच माणूस मारेल. त्याचे दोर बांधायचे, जाळी तपासायची, हे माझ्याकडे.

उडी गेली तर मी कोण उरलो, या भीतीनं लपवलं होतं गं. कोट परत करताना रडू येईल वाटलं होतं. भूक लागली.

आईला सांभाळून सांग. तुझा राग असाच जागता ठेव.

दादा

२५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र घरात मोठ्यानं वाचलं. हेर आटला म्हटल्यावर आई हसली, खांद्याचं ऐकून आपल्या दोघांवर भडकली. तुम्ही दोघं शहाणे आणि मी काय शेजारीण, म्हणाली. उडी दुसरा मारेल, ही ओळ मात्र तिनं पुन्हा वाचायला लावली. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा वाचून वर पाहिलं, तर शिलाई मशीनवर डोकं टेकून ती झोपली होती. भर दुपारी, तोंड उघडं टाकून.

मी थांबले. बाबांनी पंखा तिच्याकडे वळवला आणि मला खुणावलं, थांबू नकोस, हळू वाच.

उरलेलं पत्र मी कुजबुजत वाचलं.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी धाकटी