पावसात सांधलेला पंख

मामा,

तुमचा माझ्यावर पहिल्यापासून विश्वास नव्हता आणि माझा तुमच्यावर. नवी सून सासऱ्यापुढे जरा जपूनच असते, पण तुम्ही म्हणजे कहर होतात. लग्न होऊन मी कान्ह्याहून तळेगावात आले त्याच आठवड्यात आपण सगळे विहारात निघालो होतो आणि घराला कुलूप मी लावलं होतं. गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर तुम्ही थांबलात, मागे फिरलात आणि माझं कुलूप ओढून पाहिलंत, तेही शेजारपाजार बघत असताना. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी तोंडावर बोलले, "मामा, मला कुलूप लावता येतं." तुम्ही जराही न चिडता म्हणालात, "येतंय की. उद्या मी लावीन, तवा तू वढून बघ. माज्यावर बी इस्वास ठिवू नगं." दुसऱ्या दिवशी मी खरंच ओढलं, सगळा राग काढून ओढलं, आणि तुम्ही मिशीत हसलात. तेव्हापासून आपल्या घरात एकाने लावलेलं कुलूप दुसऱ्याने ओढल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही. तुमच्या मुलाला याचा अजून वैताग आहे. तो म्हणतो, घर आहे की बँक.

मला वाटतं, त्या ओढण्यावरूनच तुम्ही मला शेडवर न्यायचं ठरवलंत. आंबीच्या पलीकडे, धावपट्टीच्या कडेला ती पत्र्याची शेड आणि आत आपली म्हातारी. म्हातारी म्हणजे विमान, हे कळलं तेव्हा मी तोंडाला पदर लावून हसले होते. दोन सिटांचं, कापड चढवलेल्या लाकडी पंखांचं, एकेकाळी हवाई दलातली पोरं ज्याच्यावर उडायला शिकली असं जुनं विमान. तुम्ही हवाई दलात सुतारकामाला होतात. अशाच विमानांचे पंख सांधण्यात तुमची उमेदीची वर्षं गेली, आणि निवृत्त झाल्यावर शेडच्या मालकांनी लिलावात घेतलेलं हे एक उडतं ठेवायला तुम्ही परत पटाशी हातात घेतलीत. तिच्या बाकीच्या बहिणी भंगारात गेल्या, नाहीतर कुठल्या तरी चौकात खांबावर चढल्या. तसलं खांबावरचं विमान दिसलं की तुम्ही एसटीत तोंड फिरवायचात. "आतनं समदं काढून घेत्यात आन वरनं रंग देत्यात," म्हणायचात. एकदा डबा खाता खाता तुम्ही सहज बोलावं तसं बोललात, की ज्यांच्या विहिरीला आपल्याला हात लावू देत नव्हते, त्यांची पोरं माझ्या हातच्या पंखावर बसून वर गेली. "त्यास्नी ठावं बी नसंल. पर मला ठावं हुतं, म्हून मला चूक करून चालत नव्हतं." एवढं बोलून तुम्ही चटणी मागितलीत.

सरसाचं काम तुम्ही मला शिकवलंत ते असं. डब्यांतून येणारी ती दोन रसायनं कालवून केलेल्या मिश्रणालाही तुम्ही शेवटपर्यंत सरसच म्हणत राहिलात, म्हणून मीही म्हणते. पंखातला सांधा चिकटवायचा, की त्याच वाटीतला सरस त्याच घडीला दोन फालतू पट्ट्यांना लावायचा आणि तो तुकडा पंखाशेजारीच वाळू द्यायचा. वाळला की शिकंज्यात धरून मोडायचा. लाकूड फाटलं तर सांधा पक्का. लाकूड शाबूत राहिलं आणि सरसाची चकचकीत साय तेवढी सुटून आली, तर पंखातला सगळा सांधा उखडायचा. खुद्द सांधा काही मोडून बघता येत नाही, म्हणून त्याचा भाऊ मोडायचा. माझ्या पहिल्याच हिवाळ्यात वाटी सांध्यालाच पुरली. मी दुसरी वाटी कालवून तुकडा केला आणि तो दुसऱ्या दिवशी झकास फाटला. तुम्ही विचारलंत, "त्याच वाटीतला का?" मी भाबडेपणाने सांगितलं, नाही, ती संपली होती. तुम्ही हातोडी घेतलीत आणि माझ्या अख्ख्या कामाचा भुगा केलात. मग म्हणालात, "दुसऱ्या वाटीतला तुकडा दावणं म्हंजी तोंडाला पानं पुसणं. वर जाणारं पोरगं कुणाचं हाय ते आपल्याला ठावं नसतं. तुजंच हाय असं धर." मी त्या दिवशी डबा तसाच घरी आणला. पुढच्या आठवड्यात तुम्ही तुमची एक पटाशी, तिला माझ्या हाताच्या मापाची बाभळीची नवी मूठ बसवून, माझ्या बाकावर ठेवलीत. ती मी अजून वापरते.

आता यंदा जे झालं ते सांगते. तुम्ही गेलात तेव्हा तुमची नात नुकती शाळेत जायला लागली होती. ती आता लोकांना विमान उडवायला शिकवते. मालकही गेले, शेड त्यांच्या मुलाकडे आहे. त्याचं लोणावळ्याला रिसॉर्ट आहे आणि तिथल्या हिरवळीच्या मधोमध त्याने एक रिकामा चौथरा बांधून ठेवलाय. कशासाठी विचारलं तर म्हणतो, कारंजं करायचंय. मला ते कारंजं काही पटलेलं नाही. त्याच मुलाने ठरवलं की हिवाळ्यात जुन्या विमानांचा मेळा भरणार आहे, त्यात म्हातारी उडवायची. मागच्या सिटवर हवाई दलातले एक निवृत्त साहेब आणि पुढच्या सिटवर तुमची नात. पोरीचे पाय जमिनीला लागेनात. मलाही आनंद झाला, नाही कशाला म्हणू.

आणि श्रावणात पंखातल्या मुख्य वाशाला चीर सापडली. ज्याच्यावर सगळा पंख तोललेला असतो, त्यालाच. मी तेव्हा कान्ह्याला होते, बहिणीचं ऑपरेशन झालं होतं. परत आले तर सगळं उरकलेलं. शेडवर नवा इंजिनिअर ठेवलाय, पुण्याचा, शिकलेला, लायसनवाला. त्याने वासा सांधला, वर कापड चढवलं, रंगसुद्धा दिला. आषाढ ते भादवा सरसाच्या डब्याला हात लावायचा नाही, ही तुमची शिस्त मी इतकी वर्षं पाळली. मावळातल्या त्या दिवसांत पापड नुसता उघडा ठेवला तरी चिंधीसारखा होतो, तिथे सरस काय वाळणार? आणि कापड चढवणं हे माझं काम. ते माझ्या माघारी पुण्याहून माणूस आणून का करून घेतलं? काय झाकायचं होतं? मी विचारलं तर तो गोड हसला. "काकू, तुम्ही निश्चिंत राहा. प्लास्टिकचा तंबू केला होता, आत हीटर, हवा कोरडी करायचं मशीन, सगळं होतं." तंबू कुठे आहे म्हटलं, तर गुंडाळून परत पाठवला. भाड्याचा होता. त्याने तुकडा माझ्या हातात दिला. मी मोडला. लाकूड फाटलं, सरस जागचा हलला नाही. मोडायच्या आधी मी तो उलटसुलट करून बघितला होता, त्यावर बुरशीचा एक ठिपकासुद्धा नव्हता. श्रावणात शेडमधल्या माझ्या चपलांना बुरशी आली होती, आणि हा तुकडा जसा काही कुणाच्या कपाटातून आलेला. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथे. तुकडा दुसऱ्या वाटीतला कसा असतो हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक, मामा?

त्यानंतर मला त्या इंजिनिअरचं काहीच सरळ दिसेना. तो फोनवर बोलताना बाहेर जायचा, मला वाटायचं मालकांच्या मुलाशी संगनमत. तो आपणहून चहा आणून द्यायचा, मला वाटायचं का बरं. त्याला थेट विचारावं असं एकदाही मनात आलं नाही, कारण विचारलं की माणूस सावध होतो, हेही तुमच्याकडूनच घेतलेलं. घरी मेथी निवडता निवडता पोरीला म्हटलं, तू त्यात बसायचं नाहीस. ती हातातली जुडी खाली ठेवून म्हणाली, "आई, तुला माहितेय, की तुला वाटतंय?"

"वाटतंय."

"मग मलाही वाटू दे ना, की काही होणार नाही. ते माझ्या आजोबांचं विमान आहे. तू आजोबांसारखी झालीयेस अगदी."

"झाले तर झाले."

"ते निदान तोंडावर विचारायचे. तू नुसती आतल्या आत कुढतेस." मग ती उठून गेली आणि दोन दिवस माझ्याशी फक्त हो-नाही एवढंच बोलली. मामा, शंका कुठे संपते आणि पोटच्या पोरीसाठीची भीती कुठे सुरू होते, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. तुम्हाला तरी कुठून कळणार, तुम्ही जन्मभर दुसऱ्यांची पोरं वर पाठवलीत.

मेळ्याला आठवडा राहिला होता. इंजिनिअर दुपारी जेवायला तळेगावात गेला. मी बाकावरून ब्लेड घेतलं आणि पंखाच्या खालच्या अंगाचं नवं कोरं कापड फाडलं. फार दिवसांनी माझे हात नीट चालत होते. आत वासा दिसला, सांधा दिसला, पण नुसत्या दिसण्यावरून काय कळणार? सांध्याच्या कोपऱ्यात एक छोटा ठोकळा चिकटवलेला होता, त्याच वेळचा, त्याच सरसाचा. मी तुमची पटाशी त्याच्या फटीत घातली आणि मुठीवर ठोसा दिला. निघेना. परत दिला. शेवटी ठोकळाच मधून उभा फाटला. लाकूड फाटलं, मामा. सरसाने धरलेली अर्धी फळकुटी तिथेच घट्ट राहिली. सांधा पक्का होता. तुम्ही केला असतात इतकाच पक्का.

मी तशीच पंखाखाली बसून राहिले आणि इंजिनिअर परत आला. लोंबणारं कापड बघितलं, माझ्या हातातली पटाशी बघितली. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "काकू, सांगितलं असतंत तर मीच उघडून दाखवलं असतं." मग म्हणाला, "तुकडा तंबूतच पंखाशेजारी ठेवला होता, म्हणून कोरडा राहिला. पुण्याचा कापडवाला नव्या मालकांनी परस्पर बोलावला, मी म्हटलं होतं की काकूंना येऊ द्या." इतकं साधं होतं सगळं. मी माफी मागितली, ती माझ्या स्वतःच्याच कानांना कोरडी लागली.

नवा ठोकळा, नवं कापड, परत रंग, परत तपासणी. मेळा चुकला. मालकांचा मुलगा फोनवर मला जे बोलला ते इथे लिहीत नाही, पण चौथऱ्याचं नाव त्यात दोनदा आलं. मला कामावरून काढा असं त्याने सांगितलं तेव्हा त्या इंजिनिअरनेच मध्ये पडून सांभाळून घेतलं. तो आता रोज सकाळी शेडवर आला की आधी पंखावरून हात फिरवून बघतो, मी कुठे काही कापलं तर नाही ना. मला त्याचा राग येतो आणि राग यायचा हक्क नाही हेही कळतं. पोरगी मात्र रागावली नाही. ती मला जवळ घेऊन म्हणाली, "माझ्यासाठीच केलंस ना? जाऊ दे." तिच्या खांद्यावर डोकं टेकून मी हो म्हटलं.

मेळ्यानंतर बऱ्याच दिवसांनी एका सकाळी म्हातारी उडाली. ना मांडव, ना पाहुणे. आम्ही दोघं-तिघं, आणि कुंपणापलीकडे गवत कापणारी एक मावशी. दोन गिरक्या मारून ती घोरावाडीच्या अंगाने परत आली आणि अलगद टेकली. पोरीने उतरल्यावर आधी इंजिनिअरचा हात हातात घेतला, मग माझा. म्हणाली, पंख जरासुद्धा कुरकुरला नाही. तिचा चेहरा कसा झाला होता ते तुम्ही बघायला हवं होतंत. घरी आल्यावर मी हे लिहायला बसले. हे कुणाला दाखवण्यासारखं नाही, तिला तर नाहीच, आणि तुम्हाला पाठवायची सोय नाही म्हणूनच लिहवतंय.

तिच्यासाठीच केलं, असं तिला वाटतं. तुमच्या मुलालाही तेच वाटतं. पण त्या दुपारी पंखाखाली ठोकळा मधून फाटला, सांधा पक्का निघाला, माझी पोर सुखरूप वर जाऊन खाली येणार हे मला डोळ्यांनी दिसलं, तेव्हा मामा, माझी शंका खोटी ठरली याचंच मला आधी वाईट वाटलं.