बोडीतली गाद

१२ जुलै
जमलं एकदाचं! धर्मेंद्रभाऊनं हो म्हटलं. नर्सरीमागची बोडी, म्हणजे ते लहानसं तळं, दिवाळीपर्यंत माह्या ताब्यात. "पाखरं येऊन रोपांवरच्या अळ्या खातील म्हणता, तं दाखवा. नाही तं बुजवून शेडनेट टाकतो." मालक आहे, बोलणारच.

१९ जुलै
काठावरची बेशरमची झुडपं उपटून झाली. शकुनबाई ढिवरीण आमच्याकडे रोजीनं येते. तिनं गावतलावातून गाद, म्हणजे पाण्याखालचं गवत, अन् वर तरंगणारा कमळासारखा पोयना डोक्यावर आणला. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून पायाच्या अंगठ्यानं चिखलात रोवते. मी कृषी डिप्लोमावाली — मले एक मूळ धड रोवता आलं नाही.

२ ऑगस्ट
मासोळीवाला आला होता. वीतभर मासे, सगळ्या जातीचे मिक्स. घेतले, सोडले बोडीत. भाऊ तेवढाच खूश. शकुनबाई आज सुट्टीवर.

२४ ऑगस्ट
कमळपक्षी आले. जोडी आहे. कामात लक्ष नाही.

११ सप्टेंबर
गाद विरळ झाली. पोयन्याची पानं गायब. काहून?

१३ सप्टेंबर
शकुनबाईच्या टोपल्यात गाद सापडली! मी सगळ्या बायांसमोर बोलली, "बकऱ्यांसाठी नेऊन राहिली काय?" ती म्हणे, "म्याडम, आयकून तं घ्या—" नाही आयकलं. उद्यापासून येऊ नको म्हटलं. माह्या मावशीच्या वयाची बाई. पण चोरी ते चोरी.

४ ऑक्टोबर
ती गेली तरी बोडी उजाडच. पाणी गढूळ. कमळपक्षी गेले. भाऊ म्हणे, आता दिवाळीची वाट पाहत नाही.

९ ऑक्टोबर
बोडीतला मासा आणून चिरला. पोटात नुसती गाद. गवत्या आहे तो, गवतच खाते. अन् सोडला कोणं? मी. डिप्लोम्यात शिकवलं होतं हे. लाज वाटून राहिली. भाऊले फोन करून सांगितलं — मासे काढतो, थोडा वेळ द्या. म्हणे, बोडी बुजवाले मशीन निघाली.

१० ऑक्टोबर
अर्ध्या दिवसात बुजली.

१२ ऑक्टोबर
शकुनबाईच्या घरी माफी मागाले गेली. अंगणातल्या टाक्यात गाद, पोयना — हिरवागार. म्हणे, "मासे खाऊन राहिले होते, म्हणून उरलेलं बियाणं वाचवून आणलं. त्या दिवशी हेच सांगाले आली होती." मंग विचारलं, "मासे काढले काय, म्याडम? मी येतो रोवाले."
बोडी बुजली, हे मले सांगता आलं नाही.