फेट्यातला गोलकीपर

२ डिसेंबर

'एक डाव राखून विजय'! काय म्हणावं या माणसाला? फुटबॉलमध्ये डाव कुठून आणला? काल माझ्या भाचीच्या, राजीच्या शाळेनं इंदापूरच्या पोरींना दोन गोलनी हरवलं, आणि आज तालुक्याच्या पेपरात हे. पुढं वाचलं तर 'चढाईपटूंनी आक्रमक खेळ केला'. अर्धं क्रिकेट, अर्धी कबड्डी. फुटबॉल राहिला मैदानावरच.

पाहुण्यांची नावं मात्र बिनचूक. आजी, माजी, उपाध्यक्ष, सगळे पदासकट. उद्घाटन ज्यांच्या हस्ते झालं म्हणून छापलंय ते तर आलेच नव्हते! मी तिथं होते ना. निमंत्रणपत्रिका समोर ठेवून बातमी लिहायची आणि कोण जिंकलं तेवढं फोनवर विचारायचं. रमाकांत वार्ताहरांची ही पद्धत आता सगळ्या बारामतीला पाठ झाली.

राजीचं नाव कुठंच नाही. पोरीनं गोलमध्ये उभं राहून एकही गोल खाल्ला नाही. खाल्ला असता तर आलं असतं बहुतेक.

डेअरीत दिवसभर दुधाचे नमुने तपासत होते आणि डोक्यात हेच. वैताग नुसता.

४ डिसेंबर

दादाचा फोन. राजीचा सख्खा बाप, पण लेकीची खबर घेतो पेपरातून! गावाकडं कळंबला टपरीवर सकाळी एकजण पेपर मोठ्यानं वाचतो, बाकीचे चहा पीत ऐकतात. त्यात आलं ते खरं, बाकी सगळ्या बायकांच्या गप्पा.

म्हणाला, "तू म्हणतीस खेळती, खेळती. मग पेपरात कुठं हाय?"

मी म्हटलं, दादा, तू एकदा येऊन बघ. तर म्हणे ऊसतोडीची टोळी आलीय, फड सोडून कसा येऊ. मग नेहमीचंच. दहावी झाली की पोरगी घरी आणायची, तुझ्याकडं शाळेला ठेवली ती शिकायला, उड्या मारायला न्हाय. पुण्याच्या अकादमीची चाचणी याच महिन्यात आहे. निवड झाली तर राहणं, शिक्षण, खेळ, सगळं तिथंच. पण दादा हो म्हणाला तर ना!

राजी दाराशी उभी राहून ऐकत होती. मग ग्लव्ह्ज धुवायला बसली. काल धुतलेलेच होते.

७ डिसेंबर

सेमीफायनल जिंकलो!! एक-एक बरोबरी, मग पेनल्टी. राजीनं दोन अडवल्या. दुसऱ्या वेळी तर पार आडवी झाली. ओरडून घसा बसलाय, उद्या ड्युटीवर खुणांनी बोलावं लागणार.

रमाकांत आले होते. पाहुण्यांचे फोटो काढले, चहा घेतला, हाफटाइमला गाडीला किक मारली. पेनल्टी बघायला थांबतील कशाला! रात्री मीच सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवलं. त्यांनी हात जोडलेले पाठवले.

९ डिसेंबर

'सामना बरोबरीत सुटला.' बस, एवढंच! आणि खाली, 'गोलरक्षकास एक गोल रोखण्यात अपयश.'

मी फोन लावला. भांडायचं ठरवून लावला होता, पण तेच माझ्याहून दमलेले. म्हणाले, "ताई, सकाळी मयत, दुपारी कारखान्याची सभा, संध्याकाळी तुमचा फुटबॉल. मी एकटा कुठं कुठं उभा राहू?" वाईट वाटलं थोडं. पण आमच्या पोरीचा खेळ पाण्यात चाललाय त्याचं काय?

खुलासा छापतो म्हणाले. खेळाडूचं पूर्ण नाव पाठवा, वडिलांच्या नावासकट, पेपरला तसंच लागतं. पाठवलं. राजलक्ष्मी माऊली खारतोडे. तीनदा वाचून पाठवलं.

११ डिसेंबर

देवा!

'गोलरक्षक माऊली खारतोडे यांची चमकदार कामगिरी.' आणि फोटो कुणाचा? दादाचा! गुलाबी फेटा, कपाळाला गंध, मिशीला पीळ. दोन वर्षांपूर्वी सोसायटीच्या निवडणुकीला उभा होता तेव्हाचा. त्याखाली बातमी, सतरा वर्षांखालील मुलींच्या स्पर्धेत यांनी दोन पेनल्टी अडवल्या.

राजी हसून हसून खालीच बसली. मला हसू येईना. दादा आता चिडणार, आणि खापर फुटणार पोरीच्या खेळावर.

रमाकांत म्हणाले, नाव लांब होतं, मथळ्यात बसेना, म्हणून ऑपरेटरनं पहिलं काढलं. फोटो नावावरून शोधला, तर हाच निघाला. मी विचारलं, मुलींची स्पर्धा आणि मिशा, कुणालाच खटकलं नाही का? उत्तराची वाट न बघता फोन ठेवला. आता यांना फोन करायचा नाही. दमले मी खरं सांगायचं तर. चूक दुरुस्त करायला जावं, तर तिला अजून एक चूक चिकटते.

१२ डिसेंबर

दादाचे फोनवर फोन. टपरीवर लोकांनी त्याला हार घातला. "काय गोलकीपर, आज म्याच कुठं?" पिठाच्या गिरणीत तेच, सोसायटीत तेच. वहिनींच्या माहेराहूनसुद्धा अभिनंदन आलं म्हणे. मी घाबरत घाबरत ऐकत होते.

तो म्हणाला, "ज्याला त्याला सांगतोय, मी न्हाय, माझी पोरगी हाय ती! तर म्हणत्यात, मग तिनं काय केलं ते सांग. आता काय सांगू? पेनल्टी म्हंजी काय गं?"

सांगितलं. परत विचारलं, परत सांगितलं.

"म्हंजी तिला एकटीला उभी करत्यात? आन् समोरून लाथ घालत्यात? मधी कुणीच न्हाय?"

कुणीच नाही, म्हटलं.

मग म्हणाला, "फायनल कवा हाय?"

१४ डिसेंबर

दादा आला! फड टोळीवर सोडून, धुतलेली टोपी घालून. खुर्चीत बस म्हटलं तर बसला नाही, सरळ गोलच्या मागं जाऊन उभा राहिला. राजीनं एकदाच मागं वळून बघितलं.

हरलो. एक-शून्य.

दिवसभर ढग, वारा नाही, मैदान कोरडं. चेंडू हळू आला होता, आसपास कुणी नव्हतं. राजीच्या हातात आला आणि निसटून आत गेला. नेमका आजच. नेमका दादासमोर.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली. म्हणाली, "आत्या, सोपा होता गं. सुटलाच माझ्या हातातनं." मी जवळ घेतलं. मीही बघितलंच होतं. बाहेर दादानं चहा घेतला आणि राजीला न भेटताच गाडीला किक मारून गेला. आता संपलंच म्हणायचं. पुण्याचं नावही काढायचं नाही.

१५ डिसेंबर

आजची बातमी बरोबर आहे. सगळीच्या सगळी बरोबर! या वेळी रमाकांत शेवटपर्यंत थांबले होते. गोल किती, कुणी केला, कसा, सगळं जिथल्या तिथं. 'गोलरक्षक राजलक्ष्मी खारतोडे हिच्या हातून सोपा चेंडू सुटल्याने संघाचा पराभव झाला.' फोटोही तिचाच.

या एका बरोबर बातमीसाठी मी एवढे फोन केले! पेपर गादीखाली सरकवला. पण कळंबच्या टपरीवर एव्हाना मोठ्यानं वाचून झाला असेल.

१६ डिसेंबर

रमाकांतचा फोन, अगदी रडकुंडीला आलेले. दादानं त्यांना टपरीवरून, सगळ्या गावासमोर, फोन लावून झापलं. "मी गोलच्या मागं व्हतो, तू कुठं व्हतास? पोरीच्या डोळ्यांवर ऊन व्हतं. आन् एकीनं तिला ढकललं बी. काय बी छापता व्हय रं?" पुण्याला मीच घेऊन चाललोय तिला, असंही सुनावलं.

रमाकांतनी बिचाऱ्यांनी मला विचारलं, "ताई, तुम्ही खोटं नाही बोलायच्या. खरंच ऊन होतं का?"

मी म्हटलं, होतं. खुलासा छापा.