आबांच्या दुधातले तेवीस चमचे

२ डिसेंबर २०२४, सोमवार. सकाळी ६.१०

आबांच्या दुधात पावडर ढवळत होतो. एक चमचा, सुरीच्या पाठीने सपाट केलेला. डबा माझाच, जिमवाल्याकडून आणलेला. चमच्यात चोवीस ग्रॅम प्रोटीन, तसे वर छापले आहे. आबांची किडनी अधू झाली म्हणून नंदुरबारच्या डॉक्टरांनी दिवाळीत डाळ बंद केली. तेव्हापासून बाप वाळत चालला आहे. पावडर म्हणजे काही डाळ नव्हे.

आबा म्हणाले, "दूध आज जाड लागस रे भाऊ. म्हैस बदली का?"

मायला सांगितलेले नाही. ती घाबरते.

६ डिसें.

डेअरीच्या काट्यावर आबांचे वजन केले. ५२.४. चेहरा पांढरा, ओट्याच्या तीन पायऱ्या चढून धाप. उद्यापासून दोन चमचे. सकाळ, संध्याकाळ.

११ डिसें.

५३.९! पाच दिवसांत दीड किलो. डेअरीत कामावर दुधाचे फॅट तपासताना हात हलका वाटत होता. कोणाला तरी सांगावेसे वाटले, पण...

१३ डिसें.

आबांची चप्पल पायात जाईना. माय म्हणाली, थंडीने सुजले. मी नडगीवर बोट दाबले. खळगा पडला. दहा आकडे मोजले तरी भरला नाही.

भूक नाही. तोंडाला लोखंडासारखी चव येते म्हणतात. दूध मात्र घेतात, मी देतो म्हणून.

१६ डिसें., सोमवार. नंदुरबार

रक्त, लघवी दोन्ही तपासले. क्रिॲटिनीन दिवाळीत २.९, आज ४.१. युरिया ७८ वरून १४२. वाढलेले वजन म्हणजे अंगात साठलेले पाणी.

डॉक्टर म्हणाले, किडनी नुसती लघवी करत नाही. रक्त बनवा असा निरोप देणारे हार्मोन तीच तयार करते. ते कमी पडले म्हणून आबा पांढरे पडले, खाणे कमी पडले म्हणून नाही. प्रोटीन जास्त गेले की त्याचा कचरा रक्तात साठतो, उरलेल्या किडनीवर ओझे पडते. हार्मोनचे इंजेक्शन लिहून दिले.

मग मायला विचारले, "डाळ चालू आहे का?"

"नही हो साहेब. दाय ते मी बंदच करी टाकी."

"भाकरी कशाची?"

"कळण्यानी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. कळण्यात ज्वारीबरोबर उडीद दळलेला असतो ना, म्हणाले.

"ती काय दाय शे? ते ते पीठ शे."

मग मला विचारले, "आणखी काही? काढा, पावडर?"

मी नाही म्हणालो. लगेच म्हणालो.

१७ डिसें.

मायने कळण्याचे सगळे पीठ म्हशीपुढे ओतले. नुसती ज्वारी दळून आणली. पाट्यापाशी बसून म्हणाली, "मन्हा हातनंच व्हयनं हाई." मी डेअरीला उशीर होतो म्हणून निघालो. उशीर होत नव्हता.

पावडर बंद केली आहे. काल सकाळपासून.

२० डिसें.

आबा : "दूध परत पाणी व्हई गयं. पहिलानं दे ना रे भाऊ."

माय त्यांना म्हणाली, "आते तुम्ही काहीच मांगू नका. मी खावाडं तेवढं बस."

माझ्याकडे पाहिलेही नाही तिने. पाहण्याचे कारणच नाही तिला.

२४ डिसें.

आत्या आली होती. ओट्यावर सगळ्यांदेखत मायला म्हणाली, "वहिनी, इतला वरीस संसार करा, उडीद नही वळखता ऊना?" माय हसली. मग आत गेली, बराच वेळ आली नाही.

मी डबा पेटीतून काढून कपड्यांखाली ठेवला. मग परत पेटीत.

२९ डिसें., रविवार

उद्या परत रक्त. आकडा आणखी चढला तर डायलिसिसची तयारी करू, असे डॉक्टर मागेच म्हणाले होते. किती दिले, किती दिवस दिले, हे त्यांना कळले तर उपयोग होईल का? होत असेल. कागदावर लिहून घेतले आहे : ५ + १८ = २३ चमचे. कागद खिशात. पण उद्या माय शेजारीच बसलेली असणार.

खर्च : पावडर २३००. तपासणी १८५०. इंजेक्शन, गोळ्या २१४०. जीप, चहा ३६०. एकूण ६६५०.

देणे : जिमवाल्याचे १२००.

मायचे : ____