नाताळच्या झाडाची कटिंग

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात. दिवसभर गिऱ्हाइकांच्या मागे उभं राहून कंबर धरली आहे.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला का? आमच्याकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, पण ताई, क्षेम कसलं डोंबलाचं! काल घरात जे झालं त्यानं माझी छाती अजून धडधडते आहे, आणि तुझी भावजय माझ्याशी बोलत नसल्यामुळे हे सांगायला तुझ्याशिवाय मला कोणी उरलेलं नाही.

तुला ठाऊकच आहे की सूनबाईची आई याच उन्हाळ्यात गेली. तेव्हापासून पोरगी घरात वावरते, कामं करते, विचारलं तर हसतेही, पण ते हसणं ओठांच्या आत जात नाही. आपले चिरंजीव जहाजावर, त्यांना नाताळची सुट्टी नाही. मागच्या आठवड्यात तिनं हळूच विचारलं, यंदा इथे झाड आणलं तर चालेल का? तिच्या माहेरी दर वर्षी आई झाड सजवायची, आईचे ते काचेचे गोळे तिनं कापसात गुंडाळून लग्नातच बरोबर आणले होते. आपल्या घरात झाड कधी कोणी आणलं नव्हतं, पण चालेल का म्हणजे काय? मी म्हटलं, आणा! सणाला व्याहीही जेवायला येणार. एकटा माणूस, बायकोमागे पहिलाच सण, घशाखाली घास उतरायचा नाही. तेव्हा या दोघांचा दिवस नीट पार पडावा, एवढाच आमचा सगळा आटापिटा.

काल दुकान बंद होतं. (आमच्या धंद्यात सुट्टी म्हणजे शिक्षा. हात नुसते शिवशिवतात.) झाडवाल्यानं दोरीनं करकचून बांधलेलं झाड आणून वाळूच्या बालदीत उभं केलं आणि तो गेला. सासू-सुना दिव्यांची माळ आणायला बाजारात गेल्या. मी दोरी सोडली, आणि ताई, मला धक्काच बसला! काय ती अवस्था! चहूबाजूंनी अस्ताव्यस्त सुटलेलं, कल्ले वाढलेले, मानेवर जंगल. चांगलं घसघशीत झाड विकणाऱ्या माणसाला त्याची एकदा नीट कटिंग करून द्यावी एवढी अक्कल नसावी? असं गिऱ्हाईक समोर उभं असताना मी हात बांधून बसणार? आत जाऊन कात्री घेऊन आलो.

आधी फक्त डावी बाजू थोडी कमी केली. मग उजवी जास्त वाटायला लागली. ती बसवली तर डावी फुगली. (नवशिक्यांचं असं होतं हे मी स्वतः शिकवतो, पण झाड मान स्थिर ठेवत नाही, त्याला मी काय करणार?) बोलण्याच्या नादात, म्हणजे मी एकटाच बोलत होतो, मी त्याच्या अंगावर कापडही टाकलं होतं. शेवटी अगदी वर एक बट ताठ उभी राहिली होती. तीही उडवली. मागून आरसा दाखवला तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की समोर झाड आहे. पण काम झकास झालं होतं. एकदम साहेबी.

इतक्यात दार उघडलं. तुझ्या भावजयीच्या हातातली पिशवी खाली पडली. सूनबाईचे डोळे पांढरे झाले. ती एवढंच म्हणाली, "हे आपलं झाड?" आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मग तुझ्या भावजयीनं माझी जी बिनपाण्यानं केली, तशी मी कधी कुणाची केलेली नाही. तेव्हा मला समजलं, ताई, की ते गोळे फांद्यांना टांगायचे असतात! आणि ती वरची बट होती ना, तिच्यावर चांदणी खोचायची असते! दुकानांच्या काचांमागे अशी झाडं मी दर वर्षी बघतो, पण सवयीनं फक्त आकार बघतो. अंगावर काय घातलंय ते कोण बघतं? दाराआडून हुंदके ऐकू यायला लागले तेव्हा मात्र वाटलं, आपले हात कलम करावेत. पोरीच्या आईचं शेवटचं जे काही होतं, ते टांगायला मी जागाच ठेवली नव्हती.

मग मी काय केलं असेल? नाटकमंडळींसाठी केसांचे टोप बनवायचो ते आठवलं. केराच्या टोपलीतून सगळ्या फांद्या उपसल्या, बारीक तार घेतली आणि खोडाला एकेक फांदी बांधायला बसलो. जन्मभर लोकांचे कापले, परत लावायची वेळ पहिल्यांदाच आली. बराच वेळ गेला. मग शेजारून कोणीतरी फांदी पुढे केली. सूनबाई! डोळे सुजलेले. एकेक फांदी देत राहिली. मग हळूहळू बोलायला लागली. हा लाल गोळा आईनं कुठून आणला, तो निळा कुणाच्या धक्क्यानं तडकला, चांदणी दर वर्षी वाकडीच का बसायची. आई गेल्यापासून आईबद्दल ती एवढं पहिल्यांदाच बोलली. आणि मधेच म्हणाली, "बाबा, इथे जरा दाट हवं." बाबा! आजवर नुसतं "अहो" होतं. मला पुढे तारच दिसेना.

असो. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. थंडीचं गुडघ्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. – तुझ्या भावजयीला एक फोन कर. मला चहा मिळतो, पण टेबलावर आपटून.

ता. क. – खरं सांगायचं तर झाड भयंकर दिसतं. टोप एका बाजूला घसरला आहे, तार जागोजागी बाहेर आली आहे, आणि व्याही यायचे आहेत. तुझ्या माळ्यावरचं प्लास्टिकचं झाड चादरीत गुंडाळून गुपचूप घेऊन ये. सूनबाईला कळता कामा नये. पत्र तिच्याच हाती टपालात टाकायला देतो आहे, पाकीट चिकटवून.

ता. क. – आत्याबाई, मी सूनबाई. बाबांनी पाकीट चिकटवलेलं नव्हतं, आणि मी वाचलं, माफ करा. प्लास्टिकचं झाड कृपा करून आणू नका. आहे तेच झाड राहणार. काल फोनवर मी वडिलांना ही हकिगत सांगितली तर पलीकडून आवाजच येईना. मी घाबरले. मग कळलं, ते हसत होते. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. आता ते म्हणतात, मी नाताळच्या सकाळीच येतो, आधी दुकानात बसतो आणि व्याह्यांकडून कटिंग करून घेतो. तेव्हा आत्याबाई, तुम्ही आदल्या दिवशीच या. सासूबाईंना आणि मला हे दोघे आवरणार नाहीत.