कापलेली चार सेकंदं

२ नोव्हेंबर २००६, दारव्हा

दुरुस्ती: काल लिहिलं की फुलचंदभाऊ सिनेमातली गाणी कापतात. चूक. गाणी ते ठेवतात, मरणं कापतात. गावचं केबल त्यांचं, जुन्या सिनेमांचा नाद भारी. कॉम्प्युटरवर कापून-जोडून दर शुक्रवारी दुपारी बाराला ते एक सिनेमा लावतात, त्यात कुणीच मरत नाही. माझ्या घरमालकीण मैनाबाई म्हणाल्या, मरन पाहाले टीव्ही कायले लागते, गावात कमी हाय का? माझं काम त्याचे ट्रेलर बनवायचं. चौथीपर्यंत आईनंच मला घरी शिकवलं. चुकलेलं खोडायचं नाही, पुढे दुरुस्ती लिहायची, ही तिची शिस्त. खोली हवेशीर, अंगणात विहीर, मैनाबाईंची भाकरी गरम. मजेत आहे.

५ नोव्हेंबर

ट्रेलरनं प्रश्न टाकावा, उत्तर सिनेमानं द्यावं. पण कुणी मरणारच नाही, तर प्रश्न कसला? म्हणून कापलेल्या तुकड्यांतली चार सेकंदं घेतली: विहिरीच्या काठावरून निसटणारा नायकाचा हात, पांढरी बाही. फुलचंदभाऊ खूश, म्हणाले, शुक्रवारी गल्लीत कुत्रं दिसनार नाही. पण जे सिनेमात नाही ते मी दाखवलं. हे बरं नाही.

८ नोव्हेंबर

ट्रेलर लागला. टीव्हीवर बाही निळ्या चौकड्यांची दिसली. आमचा वायरमन रामधन हसून विचारत होता, माह्यावाला शर्ट हिरोनं कधी नेला? मी पांढरीच लावली होती. तीनदा तपासलं.

१० नोव्हेंबर

सिनेमात नायक वाचला. त्याच वेळी रामधन चौकातल्या विहिरीवरची वायर ओढताना आत पडला, गेला. बघणारे म्हणाले, हात काठावर होता थोडा वेळ. निळ्या चौकड्या.

१३ नोव्हेंबर

नव्या ट्रेलरमध्ये तो तुकडा घातलेला नाही. तरी आहे. काढला. परत आला. आता हातात हिरव्या बांगड्या, करंगळी वाकडी.

त्याच हातानं मैनाबाई मला भाकरी वाढतात.

१५ नोव्हेंबर

ट्रेलर सुरू झाला. फुलचंदभाऊंना पांढरी बाहीच दिसते. म्हणाले, काहून भेऊन राह्यली? मैनाबाईंना विहिरीवर जाऊ नका म्हटलं. त्या हसल्या: तीस वर्सं झाले, विहिरीनं मले नाही खाल्लं, तू कोन सांगनारी?

ट्रेलरनं मरण कबूल केलं, सिनेमानं दिलं नाही. म्हणून ते बाहेर घडलं. कापलेलं मरण सिनेमात परत जोडायला हवं. फुलचंदभाऊ नाही म्हणतात, बाया रडतीन. मग त्यांना न सांगता जोडेन. शुक्रवारी, १७ तारखेला, बाराच्या आत.

१६ नोव्हेंबर

सकाळचे अकरा. मैनाबाई पाणी शेंदताहेत. कप्पीचा आवाज येतोय, तोवर ठीक —

थांबला.

हाक मारली. ओ नाही —

दुरुस्ती: मरण शुक्रवारी नाही. आज, गुरुवार, १६ नोव्हेंबर, आत्ता —